चिलखताचं वजन

त्या वर्षी आमच्या एकाच घरात दोन कुकर शिट्ट्या मारत. आईच्या जुन्या कुकरची शिट्टी जाडी, धाप लागल्यासारखी. काकूंच्या नव्या कुकरची बारीक आणि लांबलचक. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसलेले असताना भिंतीपलीकडून ती बारीक शिट्टी आली की त्यांचा हात ताटावरच थांबायचा. ती संपेपर्यंत ते समोर बघत राहायचे, मग भाकरीचा तुकडा येसराच्या आमटीत बुडवत म्हणायचे, "लई लवकर शिजून राह्यलं लोकायचं." लोक म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, माझे भास्करकाका. आई सकाळी अंगण झाडायची ती कचरा काकूंच्या उंबऱ्यापर्यंत लोटायची. काकू दुपारी झाडायच्या तेव्हा तोच कचरा आमच्या उंबऱ्याशी यायचा. नळाला पाणी आलं की मोटर कोणी आधी लावायची यावरून बादल्या आपटायच्या. मोठ्यानं कोणी भांडत नव्हतं, पण घरातली प्रत्येक वस्तू कोणाला तरी ऐकू जाईल अशीच ठेवली जात होती.

भांडण कशावरून झालं ते मी इथं लिहीत बसणार नाही. घनसावंगीच्या शेतावरून झालं, एवढं पुरे. दोन्ही बाजूंची कहाणी मला पाठ आहे, आणि दोन्ही कहाण्यांत सांगणाराच गरीब बिचारा असतो. जुन्या जालन्यात, धान्याच्या गल्लीत, दोघा भावांचं मिळून एक दुकान होतं. भांडणानंतर काकांनी त्याच गल्लीत चार दुकानं सोडून आपला वेगळा काटा मांडला. आता हमाल पोतं पाठीवर घेऊन गल्लीत शिरला की दोन्हीकडून हाका यायच्या, आणि तो बिचारा मधेच उभा राहून दोन्हीकडं बघायचा. दोघं भाऊ संध्याकाळी वेगवेगळ्या रिक्षांनी एकाच घरी यायचे.

वाटून घेता न आलेली एकच वस्तू घरात उरली होती, ती म्हणजे बैठकीतला कॉम्प्युटर. भांडणाच्या आधी दोघांनी मिळून तो घेतला होता, पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून. त्याच्यावर काकूंनी विणलेलं पांढरं झाकण होतं आणि त्याचं टेबल आईच्या माहेरचं होतं. पोरं म्हणजे मी आणि काकांचा नितीन. मी अकरावीत, तो माझ्यापेक्षा मोठा, तंत्रनिकेतनात डिप्लोमा करणारा. नितीनचा हात चित्रात विलक्षण होता आणि ते त्याला माहीत होतं, ही त्याची वाईट बाजू. मला तो 'पाढेवाली' म्हणायचा. मी त्याला आधी दादा म्हणायचे, त्या वर्षी नुसतं नितीन म्हणायला लागले. काकू एकदा म्हणाल्या, "मोठा हाय तुझ्यापेक्षा." मी म्हणाले, "वयानं हाय." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आम्ही दोघं मिळून एक खेळ तयार करत होतो. नितीनला कुठूनतरी एक सीडी मिळाली होती, तिच्यात असे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर होतं. एक शिलेदार किल्ल्यात शिरतो, दालनामागून दालन पार करतो, वाटेत पहारेकरी, अस्वलं, तोफखान्यातले गोलंदाज यांच्याशी लढतो, अंगावर एकेक हत्यार आणि चिलखत चढवत जातो, आणि शेवटी किल्ल्याच्या कोठाराशी पोचतो. लढाई पाळीपाळीनं व्हायची, आधी एकाचा वार, मग दुसऱ्याचा. आम्ही मित्र वगैरे नव्हतो. त्याला आकडे जुळवता येत नव्हते आणि मला माणसाचं नाकसुद्धा काढता येत नव्हतं, म्हणून आम्ही एका बाकावर बसत होतो. बोली ठरली होती: चित्रं त्याची, आकडे माझे, एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. वीज गेली की यूपीएस टी-टी करत ओरडायला लागायचा, आणि तो गप होण्याआधी सगळं साठवून ठेवायची घाई. त्या घाईत तेवढं आमचं एकमत असायचं.

चार आकड्यांवर सगळा खेळ उभा होता: जीव, वार, चिलखत, चपळाई. माझं गणित सुरुवातीला अगदी सोपं होतं. वारातून चिलखत वजा करायचं, उरेल तेवढा समोरच्याचा जीव घटवायचा. पहारेकऱ्याचा वार तीस, शिलेदाराचं चिलखत वीस, तर शिलेदाराचा जीव दहानं कमी. काही दिवस ते छान चाललं. पण नितीनला शिलेदाराच्या अंगावर रोज नवीन काही चढवायची हौस. आज छातीवर पत्रा, उद्या दंडाला कड्या, परवा शिरस्त्राण. त्यानं चित्र काढलं की त्या वस्तूला मला आकडा द्यावा लागायचा. बघता बघता चिलखत तिसाच्या वर गेलं आणि पहारेकऱ्याचा प्रत्येक वार शून्यावर आला. मी पहारेकऱ्याचा वार वाढवला, तर ज्या खेळाडूला वाटेत चिलखत सापडलेलं नाही तो दारातच एका फटक्यात मरायला लागला. चिलखतवाल्या दोघांची गाठ पडली तर दोघं एकमेकांना शून्य-शून्य मारत उभे. घरासमोरच्या घाऊक कापडाच्या दुकानातला इम्रान, नितीनचा वर्गमित्र, आमचा खेळ खेळून बघायला यायचा. एकदा तो वैतागून उठला. "अरे ये तो मरताच नई! मैं पानी पी के आया, फिर भी खडाच है."

"मरत न्हाई म्हणूनच तर हिरो हाय," नितीन म्हणाला.

"मंग खेळायचं कशाला यार?" इम्रान म्हणाला. माझ्या मनातलंच तो बोलला होता. नितीनला मात्र त्यात काही अडचण दिसत नव्हती. शिलेदाराचा चेहरा त्यानं स्वतःचाच काढला होता, मिशी फक्त थोडी जास्त दाट.

आता मी पुण्यात ज्या ऑफिसात बसते तिथंही नवीन आलेली पोरं पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात. वजाबाकी करतात, शून्यावर अडकतात, आणि मग माझ्याकडं येतात. मी त्यांना समजावून सांगते. माझे केस पांढरे व्हायला लागलेत, त्यामुळे त्यांना वाटतं मी हे कुठल्यातरी पुस्तकातून शिकले असणार.

त्याच दिवसांत मी आप्पांना विचारलं होतं, बारावीनंतर कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जाऊ का. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "बिलकुल न्हाई." का म्हणून विचारलं तर पुन्हा तेच. जालन्यात कॉलेज आहे, बी.कॉम. होतं, दुकानाचं काम बघता येतं, पोरीनं एवढं लांब कशाला जायचं. मी रागानं बैठकीत येऊन नितीनसमोर बोलून गेले, की यांना बिलकुल न्हाई सोडून दुसरा शब्दच येत नाही. तो हसला होता. तो हसला म्हणून मला त्या दिवशी बरंही वाटलं होतं.

मग मी तापानं आजारी पडले आणि काही दिवस बैठकीकडं फिरकले नाही. बरी होऊन आले तर इम्रान आणि गल्लीतली दोन पोरं कॉम्प्युटरभोवती हसून लोळत होती. किल्ल्याच्या शेवटच्या दालनात, कोठाराच्या दारात, एक म्हातारा बसला होता. पोटावर ताणलेला बनियन, उजवा खांदा किंचित खाली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डोळ्यांवर एका बाजूची काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. ते माझे वडील होते. लांबून कोणीही ओळखलं असतं. शिलेदारानं तलवार मारली की म्हाताऱ्याचा चष्मा खाली पडायचा आणि डोक्यावर अक्षरं उमटायची: बिलकुल न्हाई. मग तो आडवा व्हायचा. एका फटक्यात. पोरं त्याला पुन्हा उभा करत होती आणि पुन्हा मारत होती.

पोरांना मी घालवून दिलं. इम्रान जाताना खाली बघून गेला. त्याला माझे वडील रोज 'ये बाबा' म्हणून गूळ-शेंगदाणे द्यायचे.

"काढ ते," मी नितीनला म्हणाले.

"काय काढू?"

"तुला माहीत हाय."

"खोटं हाय का काही त्यात? तूच म्हणल्ती ना, दुसरा शब्द येत न्हाई त्यांना. तुझंच ऐकून लिहिलं."

"ते माझे वडील हायेत. मी म्हणीन. तू काहून म्हणतो?"

"माझ्या बापाला दुकानातून काढलं त्यांनी. मी तर नुसतं चित्र काढलं." तो मागं रेलला. "चित्रं माझे. बोली ठरल्याली हाय आपली."

"अन् आकडे कोणी भरले? एका फटक्यात मरतो तो. मी तर भरले न्हाईत."

"तू झोपल्ती, म्हणून भरले."

"मंग आता उठले मी."

"भर की! हजार कर चिलखत, अन् बस बापाला पूजत."

तो चिडवायला बोलला, पण नेमकं तेच मी आधी करून बघितलं. चिलखत हजार केलं. म्हातारा तिथं डोंगरासारखा बसला, कोणाच्या बापाला हलेना. आणि लगेच लक्षात आलं की ह्यात नितीनच जिंकतो. पोरं म्हणतील खेळ बिघडलाय, बंद करतील, आणि कोठारात अडून बसलेला एक खत्रूड म्हातारा तेवढा लोकांच्या लक्षात राहील. मला असा बाप करायचा होता की जो माजात येईल तो त्याच्यापुढं हरेल, आणि जो डोकं लावेल त्याला तो हरवता येईल. ह्यासाठी पहिल्या दालनापासून सगळे आकडे उपसावे लागले.

आधी वजाबाकी काढून टाकली. चिलखतानं वार वजा करायचा नाही, वार वाटायचा. चिलखत शंभर असेल तर वार निम्मा लागेल, दोनशे असेल तर तिसरा हिस्सा, तीनशे असेल तर चौथा. कितीही पत्रे चढवा, थोडं तरी लागणारच. शून्य कधी येणार नाही. मग प्रत्येक वस्तूला वजन दिलं. अंगावर वजन वाढलं की चपळाई घटणार, चपळाई घटली की वार करायची पाळी उशिरा येणार. ह्या दोन बदलांनी सगळा खेळ कोलमडला. तळघरातले उंदीर शिलेदाराला मारायला लागले, अस्वल लाडावलेल्या मांजरासारखं पडून राहायला लागलं. मी एकेक दालन पुन्हा बसवलं. दुपारी समोरच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उतरवल्याचे धप्प-धप्प आवाज, काकूंच्या स्वयंपाकघरातून लसणाची फोडणी, आईच्या तव्यावर धपाटे, आणि मी उंदराचा वार सातावरून पाचावर आणत बसलेली.

सगळ्यात शेवटी म्हातारा घेतला. तो कसा लढेल हे ठरवायला मला आप्पांकडं नीट बघावं लागलं, आणि मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. आप्पा हात उगारत नसत. आवाजही चढवत नसत. समोरचा बोलून बोलून थकला की ते पुन्हा पहिल्या जागेवरच असत, जणू काही झालंच नाही. मी म्हाताऱ्याचा वार हलका ठेवला, चिलखत नावाला ठेवलं. चपळाई भरपूर दिली, आणि प्रत्येक पाळीला त्याचा गेलेला जीव थोडा भरून येईल असं केलं. पूर्ण चिलखतातल्या शिलेदाराचा एक वार पडेपर्यंत म्हातारा त्याला चारदा टोचायचा आणि मधल्या वेळात सावरायचा. अशी लढाई लांबत जायची आणि शिलेदार झिजून झिजून पडायचा. चिलखत उतरवलं तर त्याच्या बरोबरीनं वार करता येत होते, पण मग प्रत्येक टोचणी पूर्ण लागायची, आणि जीव भरून काढणारं औषध घ्यायची वेळ एकदा चुकली की मरण.

हे बरोबर बसलंय की नाही ते कळायला ती लढाई खेळूनच बघावी लागते. मी ती किती वेळा खेळले त्याचा हिशेब नाही. पहिल्यांदा चष्मा खाली पडला तेव्हा माझा हात माउसवरून निघाला होता. पुढं पुढं मी चष्मा पडलेला बघायचेही नाही, नुसते आकडे बघायचे. आणि काही दुपारी, आप्पांनी सकाळी काही टाकून बोललेलं असलं की, मी आकडे जुळलेले असतानाही आणखी एकदा खेळायचे.

औरंगाबादच्या एका कॉलेजात अशा खेळांची स्पर्धा होती आणि आम्ही दोघांनी नाव आधीच दिलं होतं. आप्पांना विचारण्यात अर्थ नव्हता. आईनं आणि काकूंनी ते आपसात ठरवलं. दोघी दिवसभर एकमेकींना टोमणे मारायच्या, पण मोरीपाशी भांडी घासताना, नळाच्या आवाजात, हळू बोलायच्या, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. काकू आईला म्हणाल्या, "माझा पोरगा नेईल अन् माझा पोरगा आणील. माझी जबाबदारी." निघायच्या आधी मी नितीनला चिलखताचं सगळं सांगितलं. वजन सांगितलं, शेवटच्या दालनात ते उतरवावं लागतं हेही सांगितलं. तो सीपीयू काकूंच्या चादरीत गुंडाळत होता. "माझ्या हिरोला काही होत न्हाई," म्हणाला.

मोठं सभागृह, भिंतीवर पडदा, समोर खुर्च्यांवर मुलंच मुलं. खेळून दाखवायला नितीन बसला. त्याची चित्रं पडद्यावर एवढी मोठी आल्यावर लोकांनी श्वास रोखला, हे मी नाकबूल करणार नाही. त्यानं वाटेतली प्रत्येक वस्तू उचलून शिलेदाराच्या अंगावर चढवली. पाळ्या उशिरा येत होत्या तरी दांडगा वार होता, निभत गेलं. मग कोठार आलं, म्हातारा दिसला, लोक हसले. नितीननं एक वार केला. म्हाताऱ्यानं चार केले. नितीननं दुसरा केला. म्हातारा सावरलेला होता. सभागृहात हळूहळू कुजबुज सुरू झाली. नितीनच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. मी पुढं वाकून म्हणाले, "छातीचा पत्रा काढ." त्यानं ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. तो दात आवळून म्हणाला, "मागं हो." शिलेदार, त्याचाच चेहरा असलेला, सगळ्या सरंजामासकट कोठाराच्या दारात पडला.

परीक्षक बाईंनी विचारलं, "या म्हाताऱ्याला हरवता येतं की नाही?"

"मॅडम, तिथं चूक झालीय," नितीन म्हणाला. "आकडे बहिणीनं भरलेत. तिला जमलं नाही."

मी त्याला उठ म्हणाले. तो उठेना, तेव्हा मी बाकावर त्याला ढकलून बसले. तो पडदा, ती शंभरेक पोरं, आणि समोर आप्पा. मी शिरस्त्राण काढलं, कड्या काढल्या, छातीचा पत्रा काढला. पडद्यावर साध्या अंगरख्यातला शिलेदार उभा राहिला आणि कोणीतरी शिट्टी मारली. मी लढले. एकदा जीव इतका खाली गेला की बाई खुर्चीतून पुढं सरकल्या. औषधाची पाळी मी बरोबर पकडली. शेवटच्या वाराला चष्मा खाली पडला, अक्षरं उमटली, म्हातारा आडवा झाला, आणि टाळ्या वाजल्या.

"चित्रं कुणाची?" बाईंनी विचारलं.

"ह्याची."

"आणि लढाईचं गणित?"

"माझं."

"छान आहे. आणि हा म्हातारा कोण?"

मी म्हणाले, "माझे वडील." सगळं सभागृह हसलं. त्यांना तो विनोद वाटला.

आमचा दुसरा नंबर आला. परतीच्या गाडीत नितीन सीपीयू मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला होता. बदनापूर आलं, नोकरीवाले उतरायला लागले, तसा तोही चादरीचं गाठोडं घेऊन उठला.

"कुठं?"

"तुझ्यासंग जालन्यात उतरायचं न्हाई मला."

"काकूंनी सांगितलं होतं, घरी आणून सोड म्हणून."

"एवढ्या लोकांत मला पाडलं, आता घर सापडत न्हाई का तुला?"

"मी पाडलं न्हाई. तू पत्रा काढला न्हाई."

"गप बस, पाढेवाले," तो म्हणाला आणि उतरला. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर पाठ करून उभा होता.

पुढचं स्टेशन जालना. उतरले तर आप्पा उभे. आईनं त्यांना दुपारी सांगितलं होतं. दुकानातून तसेच आले होते, भुवयांवर धान्याची धूळ होती. त्यांनी माझ्या मागं बघितलं. "तो?"

"बदनापूरला उतरला. भांडण झालं."

घरी आल्यावर आमच्या दाराकडं न वळता त्यांनी काकांच्या दाराची कडी वाजवली. काका जेवत होते. कित्येक महिन्यांनी दोघं भाऊ समोरासमोर आले.

"भास्कर, पोरगी एकटी आली. तुझा पोरगा अर्ध्यात सोडून उतरला."

"पाठवली कशाला मंग? तुम्हाला तर आमचं पाणी बी चालत न्हाई."

"मी पाठवली न्हाई."

"मंग कोणी?"

आई पुढं झाली. "मी पाठवली. मी अन् हिनं." काकूंनी मान हलवली. त्याबरोबर दोघं भाऊ एकदम आपापल्या बायकांवर ओरडायला लागले. एकमेकांना पुस्ती जोडत ओरडत होते. एकाचा श्वास संपला की दुसरा उचलत होता. त्या वर्षभरात दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

नितीन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मित्राकडं राहिला होता. कोणी काही विचारायच्या आत त्यानं बैठकीत सीपीयू जोडला आणि दोन्ही घरांना हाक मारली. "आप्पा, या इकडं. तुमच्या पोरीनं काय केलं बघा. शंभर जणांसमोर."

सगळे आले. पडद्यावर कोठार आलं. काकांच्या नाकातून हसू फुटलं आणि लगेच थांबलं. आप्पा वाकून बघत होते. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, काडीवरचा दोरा बघितला, पुन्हा घातला.

"काडी बराबर काढली," ते नितीनला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "कोणी मारलं ह्याला?"

"मी."

"मार."

"आता?"

"लोकांत मारलं ना? घरात काय लाज."

मी बसले. चिलखत उतरवलं. औषधाची पाळी चुकली आणि मी हरले. "परत," आप्पा म्हणाले. काकू म्हणाल्या, "राहू द्या आता." ते पुन्हा म्हणाले, "परत." दुसऱ्यांदा मी जिंकले. चष्मा पडला, अक्षरं आली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली. मग सरळ उभे राहिले.

"तुला जिथं जायचं तिथं जा," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं न्हाई."

ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला त्यांना कळलं असेल की ती परवानगी नव्हती. मी ती परवानगी म्हणून घेतली. त्यानंतर बारावी होईपर्यंत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं तर जेवायचे, पाणी दिलं तर प्यायचे. बैठकीत मधोमध विटांची भिंत आली. कॉम्प्युटरची अखेर वाटणी झाली: मॉनिटर काकांकडं गेला, सीपीयू आमच्याकडं. त्यामुळे तो खेळ पुन्हा कोणी बघितला नाही. नितीन आज जालन्यातच आहे. लग्नाकार्यात गाठ पडते, आम्ही एकमेकांच्या मुलांची चौकशी करतो आणि जेवायच्या वेगवेगळ्या पंगतीला बसतो. बदनापूरबद्दल तो काही म्हणाला नाही. मला ते आता ऐकायचंही नाही.

पुण्याला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी आप्पा सकाळीच दुकानात गेले. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि रिक्षा बघायला पोरगं पाठवणार, तेवढ्यात काका स्कूटर घेऊन आमच्या दारात उभे. "चल वर्षे, मी सोडतो स्टँडवर." ते का आलेत ते आईला कळलं, मलाही कळलं. माझी पेटी त्यांनी मागच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली. स्टँडचा रस्ता सरळ होता, पण त्यांनी स्कूटर धान्याच्या गल्लीत घातली. आमच्या दुकानासमोर येताच वेग कमी केला आणि हॉर्न दाबून धरला. हमाल थांबले. शेजारच्या दुकानांतून माना बाहेर आल्या. मी मान ताठ ठेवली होती. मला कशासाठी वापरतायत ते माहीत असून मी त्या स्कूटरवर बसले होते.

आप्पा पायरीवर उभे होते. ते खाली उतरले आणि स्कूटरच्या मागं आले. काकांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. काकांनी मारलेली गाठ त्यांनी सोडली, सुतळी पेटीवरून पुन्हा उभी-आडवी फिरवली, चाकावर एक पाय देऊन जोरात आवळली आणि नवी गाठ मारली. "रस्त्यात सुटली असती," असं कोणालाच उद्देशून न म्हणता हात झटकले आणि पायऱ्या चढून हमालांवर ओरडले, "चला, जल्दी उचला, गाडी उभी हाय."

स्टँडपर्यंत काका धुसफुसत होते. "मला गाठ येत न्हाई का? आख्खं आयुष्य पोतेच बांधून राह्यलो मी." स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. काकांनी पेटी उतरवायला सुतळीला हात घातला तर ती ढिम्म हलेना. नखं लावली, किल्लीचं टोक घातलं, काही नाही. कंडक्टर घंटी मारत होता, ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, मी दाराच्या दांडीला धरून उभी होते, आणि काका भर स्टँडात उकिडवे बसून, माझ्या बापाला शिव्या देत, दातांनी ती गाठ सोडवत होते.